पानावर

पुतणीच्या बाळाच्या बारशाची पहिली पंगत मांडली आणि हेमाकाकू वाढायला न घेता सरळ पानावर जाऊन बसल्या.

मठ्ठ्याचा जग घेऊन आलेल्या थोरल्या जाऊबाई जागीच थबकल्या. "अगं हेमा, बरं वाटत नाहीये का?"

तीस वर्षांत घरच्या कुठल्याच कार्यात काकूंना पंगतीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पायाला भिंगरी लावल्यासारखी वाढते, म्हणून सगळे त्यांचं कौतुक करत. खरं तर जरा बसलं की त्यांच्या पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखं व्हायचं. पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. मग वाढत राहायचं आणि शेवटी ओट्याशी उभ्यानंच दोन घास खायचे.

यंदा वैद्यांनी त्यावर विजया सुरू केली, आधी तेल, मग गोळ्या, मग थेंब. तेलानं नुसते तळवे चिकट झाले. गोळ्यांनी दुपारपर्यंत झापड जाईना. जिभेखालच्या थेंबांनी मात्र पाय निवले. पण विजया म्हणजे भांगच, लोक काय म्हणतील, म्हणून काकूंनी बाटली साड्यांच्या घडीत लपवली होती.

आता भोवती चौघी जमल्या. एकीनं काकूंच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला, दुसरीनं पंखा वळवला. काकूंनी तो हात हळूच बाजूला केला.

"भांगेचं औषध घेते मी, पायांसाठी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आजारी होते, तेव्हा वाढत होते. आज बरी आहे, म्हणून बसलेय. वहिनी, मठ्ठा वाढा."