आत्यासाठी वेणी

पार्लरवाल्या नसीमताईंनी इरावतीच्या कोरड्या केसांची घट्ट वेणी घातली, वर-खाली रबर लावले आणि कात्री उचलली. तेवढ्यात पोरीने मान वळवली.

"आबा, आत्याच्या विगला माझेच केस लावतील ना?"

आत्या म्हणजे आबांची लेक. कॅन्सरच्या औषधांनी तिचे केस गळाले, तेव्हापासून नातीने हा हट्ट धरला होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला नातीशी खोटं बोलवेना. आणि खरं ऐकून ती खुर्चीतून उठली तर?

"नाही गं बाळा," ते खाली वाकून म्हणाले. "केस दान घेणाऱ्या संस्थेत सगळ्यांचे केस एकत्र करतात. एका विगला चार-पाच जणींचे लागतात. तुझे दुसऱ्याच कुणाला तरी जातील."

"काय हो आबा," नसीमताई पुटपुटल्या, "कापून झाल्यावर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

इरावतीने वेणी मुठीत घट्ट धरली. आबांना वाटलं, आता ही उठणार.

"मग आत्याला कुणाचे मिळणार?"

"अशाच कुठल्यातरी मुलीचे."

"तिला आत्या माहीत पण नसेल?"

"नसेल."

तिने आरशात वेणीकडे पाहिलं. मग तिने मूठ सोडली.

"ताई, आणखी वरून कापा ना. ज्यांना माझे मिळतील त्या बाईंना कमी पडायला नकोत."