धाकटीचाच गुडघा

थोरल्या जावेचं ठाम मत होतं की पडदे काय, कपाट काय, धाकटी सगळ्यात आपलीच नक्कल करते. आज दवाखान्यात मात्र धाकटीच तिला हाताला धरून घेऊन आली होती.

"एक्स-रेत कृत्रिम गुडघा दिसतोय, पण कुठल्या कंपनीचा ते कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "कळलं तर मधली झिजलेली प्लॅस्टिकची चकती तेवढी बदलू. नाहीतर हाडात रुतलेला अख्खा सांधा उपटावा लागेल, आणि या वयात हाड साथ देईलच असं नाही. जुने कागद आहेत?"

"कागद कसले, ते हॉस्पिटलच बंद पडलं," धाकटी म्हणाली.

थोरली भिंतीकडे बघत पुटपुटली, "हिला बसवला होता, तोच आहे."

"कशावरून?"

"मीच सांगितलं होतं त्या डॉक्टरांना. म्हटलं, आमच्या धाकटीला बसवलात ना, अगदी तोच मला हवा."

धाकटीची चकती याच डॉक्टरांनी गेल्या वर्षी बदलली होती. त्यांनी दोघींचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. खाच न् खाच जुळली. "चकतीवर भागेल, आजी!"

थोरलीचा जीव भांड्यात पडला.

धाकटीनं हसू दाबत विचारलं, "आणि जाऊबाई, ते पडद्यांचं काय?"

तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठत थोरली म्हणाली, "आज गुडघ्यापुरतंच बोलायचं."