फळांचा धडा

चिनी शिकवायला कुणी मिळेना, म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी तो विषय कवायतीच्या सरांच्या गळ्यात मारला. सर आदल्या संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघत आणि तिसरीच्या पोरांच्या जेमतेम एक धडा पुढे राहत.

एक दिवस चीनहून आलेली नवी मुलगी आईला घेऊन ऑफिसात आली. मुलीला मराठी येत होतं, पण आईला चिनीखेरीज काही येत नव्हतं. "सर, बोला यांच्याशी," बाई ऐटीत म्हणाल्या. सरांना दरदरून घाम फुटला. त्यांनी सफरचंद, केळं, द्राक्षं असा फळांचा अख्खा धडा चिनीत म्हणून टाकला.

आई गोंधळून मुलीच्या कानात काहीतरी पुटपुटली. मुलीने सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आई म्हणते, सर अगदी आमच्यासारखं बोलतात."

बाईंची कळी खुलली. "मग सर, पुढच्या वर्षी सातवीपर्यंतचे सगळे वर्ग तुमच्याकडेच."