डावी बाजू

काटेरी फांदी डाव्या दारावरून करकरत पार मागेपर्यंत गेली आणि सुनेने डोळे गच्च मिटले. पिकअप ट्रक नवाकोरा होता. घरी येऊन जेमतेम आठवडा झालेला. मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

“बाबा, उजवीकडे जागा आहे,” ती म्हणाली.

“दिसतंय मला,” सासरे म्हणाले आणि त्यांनी गाडी पुन्हा डावीकडच्या झुडपात घातली.

तिला काही कळेना. सासरे पस्तीस वर्षं गाड्यांना रंग मारत आले होते. दुसऱ्याच्या गाडीवरचा ओरखडासुद्धा त्यांच्या जिवाला लागायचा. ही गाडी आली तेव्हा टपावर बसू पाहणाऱ्या कावळ्यामागे ते काठी घेऊन धावले होते. आणि आज रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “चल सूनबाई, जंगलात जाऊन येऊ. चारही चाकं ओढतात म्हणे, बघू तरी.” उतारवयात माणसाला एखादं खूळ लागतं म्हणतात, ते हेच असावं.

गाडी खरं तर तिच्यासाठीच घेतली होती. तिची रोपवाटिका होती आणि रोपं पोचवायला भाड्याची गाडी कधी वेळेवर मिळत नसे. नवरा म्हणाला होता, “ड्रायव्हर ठेवू. हिला एवढी मोठी गाडी झेपायची नाही.” सासरे सहसा मध्ये पडत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, “ती चालवेल. मी सांगतो ना.” विषय तिथेच संपला.

आणि तिसऱ्याच दिवशी गाडी आत घेताना तिने ती फाटकाच्या खांबाला घासली. डावं मागचं दार, वीतभर. कुणी पाहिलं नव्हतं. ओरखड्याचं तिला एवढं वाटलं नाही, सासऱ्यांच्या शब्दाचं वाटलं. तिच्यासाठी टाकलेला शब्द तीन दिवसही टिकला नव्हता. गाडी पांढरी, आणि पांढऱ्या रंगाचा डबा सासऱ्यांच्या गॅरेजात कायम असायचा. दुपारी ते झोपल्यावर तिने तो काढला आणि ब्रशने ओरखड्यावर फिरवला. रंगाऱ्याच्या घरात, रंगाऱ्याच्याच रंगाने. तेव्हापासून ती गाडी डाव्या अंगाने भिंतीला चिकटवून उभी करत होती. रोज ठरवायची, आज सांगून टाकू. रोज चहाचा कप त्यांच्या हातात देऊन परत फिरायची.

पुढे ओढा लागला. गाडी दगडांवरून डुलत खाली उतरली. चिखलात चाकं जागच्या जागी गरगरली, मग चारही चाकांनी एकदम जोर लावला आणि गाडी पलीकडे चढली. सासरे चक्क शीळ घालत होते. डावीकडून पुन्हा करकर झाली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या ओरखड्यांत तिचा ओरखडा कोण शोधणार? आनंद होण्यासारखी ही गोष्ट नव्हती. पण तिला आनंद झाला.

मोकळ्या जागेत सासऱ्यांनी गाडी थांबवली. उतरून त्यांनी डावी बाजू फडक्याने पुसून काढली. सहा-सात लांब ओरखडे उठले होते. तिने चोरून आपला शोधला. सापडेना. सुटले बाई एकदाची, ती मनात म्हणाली.

सासरे पुढच्या दारापासून बोट फिरवू लागले. “ही फांदी. ही फांदी. ही पण फांदी.” मागच्या दारावर बोट थांबलं. रंगात चिकटलेला एक बारीक काळा केस त्यांनी नखाने अलगद उपटला आणि तिच्यासमोर धरला. ब्रशचा होता.

“आणि हा आपला खांब.”

“बाबा, मी सांगणार होते. रोज सांगणार होते. तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच संध्याकाळी. गाडीला कुणी ब्रशने रंग लावतं का गं?” त्यांनी फुंकर मारून केस उडवला. “दोन दिवसांत आमच्या चिरंजीवांनाही दिसला असता. मग दारात ड्रायव्हर उभा राहिला असता.”

तिने डाव्या बाजूकडे पाहिलं. पस्तीस वर्षं लोकांचे ओरखडे पुसणाऱ्या माणसाने हे सगळे एकेक करून स्वतः पाडले होते. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही फुटलं.

सासरे तोवर डाव्या सीटवर जाऊन बसले होते.

“बस, चालव,” ते म्हणाले. “घरी सांगू, म्हाताऱ्याने झुडपात घालून गाडीची पार वाट लावली, म्हणून सूनबाईने किल्ली काढून घेतली.”