सकाळचा गोळा

तामलवाडीच्या पुढं गाडी तिसऱ्यांदा थांबली. पहिल्या हॉटेलात पनीर होतं, दुसऱ्यात नूडल्स. इथं पाटीवरच लिहिलं होतं, ‘चुलीवरची भाकरी’. फोनवर साडेचार तारे. दारातच हिरव्या लुगड्यातली एक बाई चुलीपुढं बसून काठवटीत भाकरी थापत होती आणि लोक तिचे फोटो काढत होते.

“अप्पा, उतरा. हे खरं दिसतंय,” सोमेश म्हणाला. सकाळपासून गाडी चालवून त्याचे डोळे लाल झाले होते.

तापातून उठल्यापासून आठ दिवस त्याचे वडील वीरप्पा नुसत्या चहावर होते. जेवले नाहीत तर पुन्हा दवाखाना, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हातारा एकच धरून बसला होता. भाकरी मिळाली तर खाईन.

ताट आलं. वीरप्पांनी भाकरी उचलली, उलटून बघितली आणि ठेवून दिली.

“आता काय झालं?”

“हिच्यावर बोटं कुठंयत?”

“कसली बोटं?”

“थापणारीची. ही मशीननं दाबलीय. बशीवानी गोल.”

“अप्पा, ती बाई समोर थापतेय. बघितलंत ना? खा की हो गुमान. दमलो मी आता.”

म्हातारा उठला. भिंत धरत चुलीपाशी गेला आणि खाली बसला.

“अक्का, ही तव्यावर टाका. एवढी एक द्या मला.”

बाईनं गल्ल्याकडं बघितलं. मालक महांतेश फोनवर बोलत होता.

“ही टाकायची न्हाय,” ती हळूच म्हणाली. “थापायची, मोडायची, परत थापायची. सकाळपास्नं ह्योच गोळा हाय. ताटातल्या आतनं येत्यात.”

“मग चूल कशाला पेटवली?”

“धुराला. वास याया पायजे म्हणून.”

दिवसभर थापून तिच्या हातची एकही भाकरी कुणाच्या पोटात जात नव्हती. आणि असल्या जागेला लोक गावरान म्हणून तारे देतात.

बाईनं पाठीमागचं फडकं पुढं ओढलं. आत घरून आणलेली कडक भाकरी, वर शेंगाची चटणी. तिचं दुपारचं जेवण. तिनं ते सगळंच वीरप्पांपुढं ठेवलं.

“उण्री,” ती कानडीत म्हणाली. जेवा.

वीरप्पांनी भाकरीवर बोट फिरवलं. मग मोडली. चारच दात होते, तरी कडाकडा आवाज आला. शेवटच्या तुकड्यानं फडक्यातली चटणी पुसून तोही खाल्ला.

सोमेश शेजारी उभा होता.

गाडीत बसल्यावर फोननं विचारलं, जेवण कसं होतं?

“तिचं नाव लिही,” वीरप्पा म्हणाले. “इरम्मा. म्या विचारून घेतलंय. ताटातली भाकरी तिची न्हाय, तेबी लिही.”

“लिहिलं तर उद्या तिला घरी बसवतील, अप्पा.”

सोमेशनं फोन पालथा ठेवला.

मागं एक लक्झरी येऊन थांबली.

“इरम्मा, गाडी आली. थाप!” महांतेश ओरडला.

इरम्मानं रिकामं फडकं घडी करून मांडीखाली सारलं. गोळा वाळून तडकला होता. तिनं त्यावर पाण्याचा हात फिरवला.