अर्थिंगचा मोगरा

सुवर्णाताई महिनाभरासाठी मनमाडला मुलीकडे गेल्या आणि दहाव्या दिवशी, भारतरावांनी अंबडच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. गाणं लावा, नका लावू, घूंऽऽ चालूच. त्यांनी वायरी बदलल्या, अ‍ॅम्प्लिफायर विकणाऱ्या द्वारकेच्या दुकानदाराशी भांडून झालं. शेवटी इलेक्ट्रिशियन कुंदनला बोलावलं. त्याने अ‍ॅम्प्लिफायरला हातही लावला नाही. तो सरळ घरामागे गेला आणि सुकलेल्या मोगऱ्याशेजारची माती उकरून बघितली.

"काका, तुमच्या घराचं अर्थिंग इथे पुरलंय. माती कोरडी पडली की आवाज येणारच. इथे रोज पाणी कोण घालायचं?"

"मोगरा हिचा आहे," भारतराव म्हणाले. "जाताना बजावून गेली होती. माझ्या लक्षातच राहिलं नाही."

"मग आता रोज एक बादली घाला."

महिना भरल्यावर सुवर्णाताई परत आल्या, त्या हातातल्या पिशवीसकट आधी मोगऱ्यापाशी गेल्या. मोगरा हिरवागार होता, कळ्याही धरल्या होत्या.

"अहो, माझ्यासाठी रोज पाणी घातलंत?"

"मग दुसऱ्या कुणासाठी?" असं म्हणून भारतरावांनी गाण्याचा आवाज थोडा वाढवला.