विसरभोळे मास्तर

कृष्णाबाई गाता गाता थांबली.

मांडवातल्या सगळ्यांना वाटलं, म्हातारी श्वास घेतेय. पण पुढची ओळ काही तिच्या तोंडून येईना. लग्नात धवलारीण देवांना एकेक करून गाण्यातून मांडवात बोलावते, त्याला धवला म्हणतात. तो मधेच तुटला तर नवरा-नवरीवर अक्षता पडत नाहीत. खाडीचा देव आला होता. बांधाचा देव आला होता. त्यांच्यामागं कोण उभं आहे, तेच कृष्णाबाईला आठवेना. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिनं काठावरच्या सगळ्या गावांची लग्नं गायली होती. असं कधी झालं नव्हतं.

वऱ्हाड होडीनं आलं होतं, पनवेलच्या बाजूनं. नवऱ्याचा चुलता धर्माजी उठून उभा राहिला.

"दुसरी धवलारीण बोलवा. न्हायतर आमी चाललो. अर्ध्या देवांच्या भरवशावर आमचा पोर उभा ऱ्हानार न्हाय."

दुसरी होती कुठं? कृष्णाबाईची लेक रंगू आईकडून शिकत होती. ती पटकीच्या साथीत गेली. त्यानंतर कृष्णाबाईनं कुणाला एक ओळ दिली नाही. बायका पोरींना घेऊन दारात आल्या, पाया पडल्या. "माजी इद्या रंगूसंगं गेली," एवढं म्हणून ती आत निघून जायची.

फक्त दयाराम मास्तरांना तिनं आत घेतलं होतं. गावच्या शाळेचे मास्तर. डोक्याचे केस पिकले तरी माणसाची शिकायची हौस भागली नव्हती. कोळ्यांकडे बसून जाळं विणायला शिकले. पलीकडच्या गावातल्या काझींकडे जाऊन उर्दू अक्षरं गिरवली. मीठ कसं ओढतात ते शिकायला मिठागरात उतरले आणि पायांची सालटी काढून घेतली. मग एका दुपारी कृष्णाबाईच्या ओटीवर, तिच्या पायांशी, मांडी घालून बसले.

"बाई, मला धवला शिकवा."

तिला हसू फुटलं होतं. पुरुषाचा धवला लग्नात चालत नाही. यांना शिकवलं काय आणि कुडाच्या भिंतीला शिकवलं काय! म्हणून तर ती हो म्हणाली.

आणि शिष्य तरी कसा मिळाला! आज घोटून घेतलेली ओळ उद्या हरवून यायची. "बाई, ते कालचं निसटलं. पुन्हा एकदा म्हणता?" कृष्णाबाई कपाळावर हात मारायची. "मास्तर, तुमच्या डोस्क्याला भोक हाय, भोक! तुमी पोरांना काय शिकिवता?" मास्तर मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायचे. दुसऱ्या दुपारी पुन्हा हजर, पुन्हा तीच ओळ.

गेल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर मास्तर तापानं गेले. सारा गाव त्यांना पोचवायला खाडीवर गेला. मिठागरावरचं काम त्या दिवशी बंद राहिलं. कृष्णाबाई तेवढी घरात बसून होती. इतका जीव तोडून शिकवलेलं सगळं चितेवर गेलं म्हणून तिला मास्तरांचा राग आला होता. रागावता रागावता ती रडली होती.

आणि आता तिचं स्वतःचंच डोकं रितं झालं होतं. वऱ्हाडातली माणसं पागोटी सावरू लागली. बोहल्यावर उभ्या नवरीची, सगुणेची, मान आणखी खाली गेली. तिची आई कृष्णाबाईचे हात धरून म्हणाली, "मावशे, कायतरी आठव गो!"



तेवढ्यात मांडवाच्या कडेनं आवाज आला.

"डोंगरावरच्या आई गो, उतर खाली..."

भागोजीची लेक राही उभी राहून गात होती. तीच ओळ. तिसरा देव नव्हे, देवीच होती ती! कृष्णाबाईच्या अंगावर काटा आला. पुढची ओळ तिच्या शेजारच्या ठमीनं उचलली. मग आणखी दोघी-तिघी उठल्या. कुठं थांबायचं, कुठं सूर ओढायचा, सगळं कृष्णाबाईचंच. ओळीच्या शेवटी मान किंचित वळवायची तिची खोडसुद्धा त्यांच्यात उतरली होती. देव एकामागून एक मांडवात येऊ लागले. एकही वगळला गेला नाही. धर्माजी केव्हाच खाली बसला होता, आणि शेवटच्या देवाच्या वेळी तर तो स्वतःच ओरडला, "मोठ्यानं बोला गो पोरींनो!" सगुणेच्या डोक्यावर अक्षतांचा पाऊस पडला.

वाजंत्री थांबली तेव्हा कृष्णाबाईनं राहीला जवळ बोलावलं. म्हातारीचा राग सगळ्यांना माहीत होता.

"कुनी शिकिवलं?"

"मास्तरांनी," राही म्हणाली. "शाळा सुटल्यावर. तुज्याकडून शिकून यायचे नि आमाला शिकवायचे. तू गात असताना आमी तोंड उघडायचं न्हाय, तो तुजा मान, असं बोलायचे."

"त्या इसरभोळ्यानं? अगो, त्याच्या ध्यानात एक ओळ ऱ्हाईत नव्हती!"

राहीनं खाली बघितलं.

"मास्तर कदी इसरले न्हाय, आजी. इसरायचो त्या आमी. मग ते परत तुज्याकडं यायचे."

कृष्णाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या पाण्यातूनच ती खदखदून हसली, रंगू गेल्यापासून गावानं ऐकलं नव्हतं तसं. तिनं राहीचा कान पकडला.

"मंग उद्यापास्नं तुमी येवा माज्याकडं. तुमच्या वाटच्या शिव्या आता तुमच्या तुमी खावा!"